हसणाऱ्या वर्गात चिनी कोण बोलणार?

"फौजीला भाषेची कसली आलीय भीती?" असं विचारणारे साहेब लोक बहुधा परकीय भाषेच्या वर्गात कधी बसलेले नसतात. बर्फात पोस्ट सांभाळलेला हवालदार फळ्यासमोर चिनीची चार वाक्यं म्हणताना घामाघूम होतो, हे मी पाहिलंय. तो भित्रा नाही. मागच्या बाकावर त्याच्याहून ज्युनिअर पोरं बसलीत आणि उस्ताद आता नक्कल करणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

ही काही आपलीच व्यथा नाही. १९८६ साली होर्विट्झ, होर्विट्झ आणि कोप या अभ्यासकांनी या भीतीचं माप घ्यायला ३३ विधानांची प्रश्नावली केली. आपण बोललो की बाकीचे हसतील, ही भीती त्यात स्वतंत्र विधान म्हणून आहे.

चिनीत तर चुका होणारच. चार सूर, 'मा'चा सूर जरा घसरला की आईचा घोडा होतो! आणि गंमत बघा, सकाळच्या नमस्काराला चिनी माणूस 'चाओ' म्हणतो, त्यातला 'च' जवळपास आपल्या चमच्यातला. मराठी जवानाला तो आईच्या दुधाबरोबर मिळालाय. पण हिंदी पट्ट्यातल्या वर्गाला 'जाओ' सोपं. आमच्यातला एक सांगलीकडचा नाईक बरोबर बोलला, वर्ग खो-खो हसला, पुढे तोही 'जाओ' म्हणू लागला. नंतर तर बोलेचना.

"समोरचा चिनी हसेल, तेव्हाची सवय आत्ताच होऊ दे," असा एक युक्तिवाद असतो. साफ चूक. चुशूल किंवा नथू ला इथल्या बैठकीत दुभाष्याचा सूर चुकला तर पुन्हा बोलता येतं. तो गप्प बसला तर काय करणार? आणि गप्प बसायचं शिक्षण आपणच देतोय.

फायरिंग रेंजवर आपण असं वागतो का? रंगरुटाकडे पहिल्या गोळीला बुल मागत नाही, आधी ग्रुपिंग बघतो. गोळ्या एका जागी पडल्या की साइट हलवून झिरो करता येतं. जो फायरच करत नाही, त्याचं काय झिरो करणार?

तेव्हा बोलणं आधी जोडीजोडीने घ्या, चूक बाजूला नेऊन सांगा, हसणाऱ्याला उभं करून तेच वाक्य म्हणायला लावा. आणि नक्कल करणाऱ्या उस्तादांनी महिनाभर माझ्याकडे मराठी शिकायला यावं. सुरुवात 'ळ'पासून करू, सगळ्या पलटणीसमोर.