पोलादी पुंगळीचा हिशेब

अमेरिकेतील हौशी नेमबाजांमध्ये एक वाद गेली अनेक वर्षे धुमसतो आहे. अर्धस्वयंचलित रायफलीत पोलादी पुंगळीची स्वस्त काडतुसे वापरावीत, की पितळी पुंगळीची महाग? आपल्याकडील शिक्षकाला वा कारकुनाला अशा रायफलीशी काही कर्तव्य नसते, आणि ते नसावे हेच बरे. तथापि एखादी वस्तू स्वस्त आहे असे म्हणताना हिशेबात काय काय धरावयाचे, हा अर्थशास्त्राचा जुनाच प्रश्न या वादाच्या मुळाशी आहे.

दारू, टोपी आणि गोळी यांना एकत्र धरणारी पुंगळी परंपरेने सत्तर टक्के तांबे व तीस टक्के जस्त अशा पितळाची करतात. दारू पेटताच पितळ फुगून नळीच्या मागील कोठीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की आकसून मोकळे होते. पोलादाच्या अंगी ही लवचीकता कमी. कोठीत काजळी साचते, पुंगळी क्वचित अडकूनही बसते. परंतु तांबे महाग, आणि युद्धकाळात तर दुर्मिळ. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने लॅकरचा थर दिलेल्या पोलादी पुंगळ्या वापरल्या. अमेरिकेने १९४३ साली आपले एक सेंटचे नाणेसुद्धा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले. युद्ध संपल्यावर अमेरिका पितळाकडे परतली. सोव्हिएत संघाने मात्र पोलादच कायम ठेवले. कलाश्निकोव्ह रायफलीची पुंगळी पुढे निमुळती होत जाते, त्यामुळे ती सहज बाहेर निघते. अमेरिकन एआर-१५ रायफलीची पुंगळी बरीचशी सरळ भिंतीची. तेथे पोलादाची कुरकुर अधिक ऐकू यावी, यात नवल नाही.

या वादात ऐकीव मतांचा सुकाळ असताना २०१३ साली 'लकी गनर' या विक्रेत्याने चार एआर-१५ रायफली घेऊन प्रत्येकीतून दहा हजार गोळ्या झाडण्याचा प्रयोग केला. (प्रयोग करणारा काडतुसांचा व्यापारी होता, हे ध्यानात ठेवावे, पण आकडे त्याने उघड मांडले.) पितळी फेडरल काडतुसे एकदाही अडली नाहीत. पोलादी ब्राउन बेअर नऊ वेळा अडले, वुल्फ पंधरा वेळा. तुला काडतुसांची चाचणी तर पुरीच होऊ शकली नाही. याहून उद्बोधक गोष्ट नळ्यांची. वुल्फ व ब्राउन बेअर वापरलेल्या नळ्यांचे आटे सहा हजार गोळ्यांच्या सुमारास झिजून गेले. दोष पुंगळीला दिला जातो. प्रत्यक्षात झीज झाली ती गोळीच्या कवचामुळे. या गोळ्यांवर निव्वळ तांब्याऐवजी तांब्याचा पातळ मुलामा दिलेले पोलाद असते. आणि तरीही त्या वेळच्या किमतींनी पाहता, वाचलेल्या पैशांत नवी नळी विकत घेऊन वर शिल्लक उरत होती.

म्हणजे स्वस्ताई खरी होती. पितळी पुंगळी पुन्हा भरता येते, तिला मोडीत भाव येतो, पोलादीला सहसा यांतले काही नाही. अनेक नेमबाजी केंद्रांत या गोळ्यांना मज्जावही असतो. एवढे वजा करूनही भरपूर गोळ्या झाडणाऱ्या हौशी माणसाचे गणित चुकत नव्हते. सैनिकाचे गणित मात्र निराळे. दहा हजारांत नऊ अडथळे हे मैदानावर चेष्टेचे निमित्त ठरतात; पहाऱ्यावरील जवानाला त्यांतला एकही परवडणार नाही. खडकी आणि वरणगाव येथील कारखाने ज्यांच्यासाठी काडतुसे बनवितात, त्यांच्या बाबतीत काटकसरीचा हा हौशी युक्तिवाद कोणी पुढे करू नये. एवढे मात्र खरे, की पितळासाठीही तांबे लागतेच, आणि २०१८ साली तुतिकोरिनचा प्रकल्प बंद पडल्यानंतर भारत शुद्ध तांब्याचा निव्वळ आयातदार झाला.

पुरवठ्याच्या या बाजूकडे अमेरिकन ग्राहकाने मात्र पाहिलेच नव्हते. त्याच्या स्वस्त काडतुसांपैकी बहुतेक तुला, बार्नाउल अशा रशियन शहरांतून येत. नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोगाबद्दल अमेरिकन परराष्ट्र खात्याने २० ऑगस्ट २०२१ रोजी निर्बंध जाहीर केले आणि ७ सप्टेंबरपासून रशियन शस्त्रे व काडतुसे यांच्या आयातीचे नवे परवाने नाकारण्याचे धोरण अमलात आले. जुने परवाने मुदतीपर्यंत चालू राहिल्याने माल एकदम नाहीसा झाला नाही. पण साथीच्या काळापासून चाललेल्या टंचाईत या बातमीने भरच घातली. रशियन कारखान्यांना आपले सैन्य हे हक्काचे गिऱ्हाईक होते. महिन्याच्या मिळकतीतून काडतुसांची एखादी पेटी बाजूला टाकणाऱ्या अमेरिकन नोकरदाराला मात्र तोच माल त्या भावात देणारा दुसरा देश सहजासहजी सापडला नाही.