जाहीर आवाहन : घरातील संशयास्पद मृत्यू, खुनाची शिक्षा आणि शेजाऱ्यांची साक्ष

मारेगाव शहर व तालुक्यातील सर्व नागरिक, पोलीस पाटील, सरपंच, शिक्षक, बचत गटांच्या सदस्या आणि युवक मंडळे यांच्यासाठी

विवाहित स्त्रीचा घराच्या चार भिंतींत संशयास्पद मृत्यू झाला, की माहेरचे लोक ‘मारून टाकली’ म्हणतात, सासरचे लोक ‘तिनेच करून घेतले’ म्हणतात आणि गाव संध्याकाळपर्यंत कोणत्या तरी एका बाजूचे होऊन जाते. पुढे पतीला खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप झाली तरी वाद मिटत नाही. शिक्षा बरोबर की चूक, याची कुजबुज पारावर आणि चहाच्या टपरीवर चालूच राहते. अशा शंकेचे उत्तर मोर्चातून किंवा अफवेतून मिळत नाही. ते पुराव्यातूनच मिळते, आणि हा पुरावा बहुतांशी मृत्यूनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एक तर जपला जातो किंवा कायमचा नष्ट होतो. प्रस्तुत आवाहन या एका गोष्टीसाठी आहे.

महाराष्ट्रातील ज्या खटल्याने याविषयीचा कायदा घडवला, तो ‘शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखला जातो. जून 1982 मध्ये पुण्यात, लग्नाला अवघे चार महिने झालेल्या एका तरुण विवाहितेचा पोटॅशियम सायनाईड या विषाने मृत्यू झाला. घटनेचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार कोणी नव्हता. सत्र न्यायालयाने पतीला खुनाबद्दल फाशी सुनावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. मात्र 17 जुलै 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. मुर्तझा फझल अली, न्या. ए. वरदराजन आणि न्या. सब्यसाची मुखर्जी यांच्या पीठाने पतीला निर्दोष मुक्त केले. मृत स्त्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे या खटल्यात महत्त्वाची ठरली. सरकार पक्षाने त्यांत छळाची खूण पाहिली, तर सर्वोच्च न्यायालयाला त्यांतून तिच्या मनाची खचलेली अवस्था आणि म्हणून आत्महत्येची शक्यताही दिसली. विषप्रयोगाच्या खटल्यात हेतू, विषानेच झालेला मृत्यू, आरोपीच्या ताब्यात ते विष असणे आणि ते देण्याची त्याला मिळालेली संधी या चार गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. येथे आरोपीजवळ सायनाईड होते, हेच सिद्ध झाले नाही.

याच निकालात परिस्थितीजन्य पुराव्याची, म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा कोणी नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाची, पाच सूत्रे मांडली गेली आणि आजही देशभरातील न्यायालये ती आधाराला घेतात. ज्या परिस्थितीवर निष्कर्ष उभा करायचा ती आधी पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे. ती केवळ आरोपीच्या दोषाशी जुळणारी असली पाहिजे. ती निर्णायक स्वरूपाची असली पाहिजे. दोषाखेरीज दुसरी कोणतीही शक्यता तिच्यात शिल्लक राहता कामा नये. आणि पुराव्याची साखळी इतकी सलग असली पाहिजे, की आरोपीच्या निर्दोषतेला वाजवी आधारच उरू नये. या सूत्रांचे मूळ 1952 सालच्या हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्या निकालात सापडते. तो खटला तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, म्हणजे ज्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि ज्यात यवतमाळ जिल्हाही होता, त्या प्रांतातील होता. पुढे 1973 साली शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की आरोपी दोषी ‘असू शकेल’ इतक्यावर शिक्षा देता येत नाही, तो दोषी ‘असलाच पाहिजे’ असे पुराव्यातून निघाले पाहिजे.

ही चर्चा जुन्या काळापुरती नाही. 2 मार्च 2021 रोजी ‘शिवाजी चिंतप्पा पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या खुनाबद्दल जन्मठेप झालेल्या पतीला सोडले. मृत्यू गळफासाने झाला होता आणि वैद्यकीय पुराव्याने आत्महत्येची शक्यता नाकारलेली नव्हती. तेव्हा मुळात खून झाला हेच निःसंशय सिद्ध होत नसताना केवळ पतीचे वर्तन आणि त्याने दिलेले स्पष्टीकरण यांवर शिक्षा टिकू शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

मात्र याचा अर्थ घराच्या आत घडलेल्या मृत्यूबद्दल घरच्यांनी मौन पाळले तरी चालते, असा होत नाही. नांदेड जिल्ह्यातील ‘त्रिमुख मारोती किरकन’ खटल्यात सून सर्पदंशाने गेली असे सांगण्यात आले होते, परंतु शवविच्छेदनात गळा आवळल्याचे निष्पन्न झाले. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने पतीची शिक्षा कायम ठेवताना स्पष्ट केले, की घरात गुप्तपणे घडलेल्या गुन्ह्यात घरातील माणसांनी समाधानकारक खुलासा दिला पाहिजे. हे तत्त्व पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम 106 मध्ये होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 109 मध्ये आहे: जी गोष्ट विशेषतः एखाद्याच्याच माहितीतली असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. तथापि हे कलम सरकार पक्षाची मूळ जबाबदारी काढून घेत नाही. साखळी आधी सरकार पक्षाने उभी करायची, त्यानंतरच आरोपीच्या मौनाला किंवा खोट्या खुलाशाला अर्थ येतो.

सारडा, पाटील आणि किरकन या तीन खटल्यांकडे एकत्र पाहिले असता दिसते, की निकाल फिरला तो भावनेवर नव्हे, तर एखाद्या वस्तूवर, एखाद्या खुणेवर, वैद्यकीय अहवालातील एखाद्या ओळीवर. गळफास आणि गळा आवळणे यांतील फरक गळ्यावरच्या वळात असतो: फासाचा वळ साधारणपणे तिरपा, हनुवटीकडे चढत जाणारा आणि गाठीपाशी तुटलेला असतो, तर दोरीने गळा आवळल्याचा वळ बहुधा आडवा, खालच्या बाजूला आणि गळ्याभोवती पूर्ण फिरलेला असतो. दोर सोडताना गाठच सोडली, साडी धुऊन टाकली, तर ही ताडून पाहण्याची सोय कायमची जाते. मारेगावसारख्या कापसाच्या पट्ट्यात कीटकनाशकाचा डबा घरोघरी असतो आणि विषबाधेने झालेल्या मृत्यूत तो डबा, तो पेला, उलटी लागलेले कापड हाच पुरावा असतो. परंतु माणसे जमतात, डबा फेकला जातो, पेला घासला जातो, जमीन सारवली जाते, आणि हे सारे बहुधा कोणत्याही दुष्ट हेतूशिवाय घडते. त्यानंतर निर्दोष माणूस स्वतःचे निर्दोषत्व दाखवू शकत नाही आणि खरा गुन्हेगार संशयाचा फायदा घेऊन सुटतो.

कायद्याने या वेळी शेजाऱ्यांना स्थान दिलेले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार संशयास्पद मृत्यूचा पंचनामा परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष व्हावा लागतो आणि त्यात जखमा, वळ व खुणा यांची नोंद करावी लागते. लग्नाला सात वर्षे पूर्ण होण्यापूर्वी स्त्रीने आत्महत्या केली असेल किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असेल, तर कलम 196 नुसार दंडाधिकाऱ्यांची चौकशीही आवश्यक ठरते. पोलीस ठाण्यात अशा मृत्यूची नोंद प्रथम ‘मर्ग’ म्हणून, म्हणजे आकस्मिक मृत्यू म्हणून होते. मर्ग दाखल झाला म्हणजे प्रकरण मिटले, असे समजण्याचे कारण नाही.

म्हणून तालुक्यातील नागरिकांना पुढीलप्रमाणे आवाहन करण्यात येत आहे.

एक : घरात संशयास्पद मृत्यू झाल्यास पोलीस पाटलांनी व शेजाऱ्यांनी विनाविलंब मारेगाव पोलीस ठाण्यास कळवावे, आणि शवविच्छेदन होण्यापूर्वी अंत्यसंस्कार उरकण्याची घाई कोणत्याही नातलगाने किंवा समाजप्रमुखाने करू नये.

दोन : श्वास चालू असण्याची शक्यता असेल तर जीव वाचवणे प्रथम, त्यासाठी दोर कापावा लागल्यास गाठ न सोडता गाठीपासून दूर कापावा; मृत्यू झालेला असल्यास खोली बंद ठेवावी आणि कोणतीही वस्तू हलवू, धुऊ किंवा पुसू नये.

तीन : पंच म्हणून बोलावले गेलेल्याने कोऱ्या अथवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये, जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले गेले आहे याची खात्री करावी आणि लिहिता-वाचता न येणाऱ्याने पंचनामा मोठ्याने वाचून घ्यावा. कोलाम वस्त्यांवर गरज पडल्यास त्यांची बोली जाणणाऱ्याने मदत करावी.

चार : जखमी वा विषबाधित स्त्री बोलू शकत असेल, तर तिचा मृत्यूपूर्व जबाब डॉक्टरांनी ती शुद्धीवर असल्याचे प्रमाणित केल्यावर दंडाधिकाऱ्यांसमोर व्हावा, असा आग्रह धरावा, आणि त्या वेळी माहेरच्या किंवा सासरच्या कोणीही तिला काय सांगायचे ते शिकवू नये.

पाच : ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी सांगू नये आणि पाहिलेली गोष्ट भाऊबंदकीपोटी लपवू नये. मृत स्त्रीची छायाचित्रे किंवा आरोपीच्या दोषाविषयीचे निवाडे व्हॉट्सॲपवर पसरवू नयेत.

सहा : शिक्षा झालेली असून तिच्याविषयी प्रामाणिक शंका असेल, तर संबंधित कुटुंबाने निकालपत्राची प्रत मिळवावी, कारावासाची शिक्षा झालेल्यास ती विनामूल्य मिळते. सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे 60 दिवसांत अपील करता येते, आणि विलंब झाल्यास सबळ कारण दाखवून माफी मागता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे, यवतमाळ येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा 15100 या क्रमांकावर संपर्क साधावा. हाच हक्क मृत स्त्रीच्या आईलाही आहे, हे विसरू नये.

एखाद्या शिक्षेवर शंका घेणे म्हणजे मृत स्त्रीशी प्रतारणा करणे नव्हे, आणि तिच्या मृत्यूचा जाब मागणे म्हणजे आरोपीला आधीच दोषी ठरवणे नव्हे. दोन्ही मागण्या एकाच वेळी, एकाच गावाने करण्याजोग्या आहेत. यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेत हे आवाहन वाचून दाखवावे, पोलीस पाटील व बचत गटांनी त्यावर चर्चा घडवून आणावी आणि साक्षीला बोलावले जाईल तेव्हा प्रत्येक नागरिकाने न्यायालयात हजर राहून पाहिले तेवढेच, परंतु पाहिले ते सर्व सांगावे, ही नम्र विनंती.