पाच डॉलरची शिकवणी



न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बुद्धिबळाची टेबले आहेत. बॉबी फिशर इथे खेळला आहे, आणि दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक उमेदवारीच्या काळात इथे पैसे लावून खेळत असे. मागच्या उन्हाळ्यात मेहुण्याला शहर दाखवताना तिथे थांबलो आणि "फक्त एक डाव, बॉस" या हाकेला फसलो. शाळेत असताना तालुक्यात पहिला आलो होतो, ती खुमखुमी!

पाच डॉलरचा डाव, प्रत्येकी पाच मिनिटे. समोरच्या काळ्या गृहस्थांची जीभ हातांपेक्षा वेगवान होती. "ही चाल खेळणार? नक्की?" असे विचारून ते माझी मिनिटे खात होते. मोहरे 'नीट' ठेवता ठेवता त्यांचा उंट शेजारच्या घरात गेला, म्हणजे चक्क रंग बदलून. बाहीच्या फटक्याने माझे एक प्यादे नाहीसे झाले. मी हत्तीला बोट लावून विचार बदलला, तेव्हा "इथे हात लावला की चाल" हा नियम जाहीर झाला. घड्याळात मला मुळातच एक मिनिट कमी होते, हे शेवटी कळले. काहीजण पहिला डाव मुद्दाम हरतात आणि दुसऱ्याला रक्कम वाढवतात. माझ्यावर तेवढेही कष्ट घ्यावे लागले नाहीत.

बाहेर पडताना मेहुणा म्हणाला, "दाजी, या लोकांची जातच अशी." 'हे लोक' म्हणजे कोण, ते विचारायची गरज नव्हती. 'जात' हा शब्द मात्र मला टोचला.

कारण 2007 साली मी एका बँकेच्या संगणकप्रणालीवर काम करत होतो. ग्राहकाचे दिवसभराचे व्यवहार झाले त्या क्रमाने न नोंदवता मोठी रक्कम आधी, लहान नंतर, असे लावायचे होते. समजा खात्यात 100 डॉलर आहेत. दिवसात 5, 20 आणि 30 डॉलर खर्च झाले, आणि शेवटी 90 चा चेक आला. सरळ क्रमाने दंड एकच. उलट्या क्रमाने 90 आधी वळते होतात आणि बाकी तिन्हींवर दंड, तेव्हा साधारण 35 डॉलर प्रत्येकी. पटावरची प्यादी सरकवणे आणखी वेगळे काय असते? मला तेव्हा बोनस मिळाला. पुढे या प्रथेवर खटले झाले, आणि 2011 साली एका बड्या बँकेने 41 कोटी डॉलर देऊन आपला खटला मिटवला. पण कोणाच्या हातात बेड्या पडल्याचे मला आठवत नाही.

उलट 2010 साली इनवुड हिल पार्कमध्ये सात जणांना पोलिसांनी समन्स दिले. गुन्हा काय, तर लहान मुलांच्या क्रीडांगणात, मूल बरोबर नसताना, ते बुद्धिबळ खेळत बसले होते.

फसवणूक ती फसवणूकच, उद्यानातली असली तरी. तिथे बसलात तर रक्कम आणि नियम आधी ठरवा, घड्याळाच्या दोन्ही बाजू तपासा, आणि नजर त्यांच्या तोंडावर नको, हातांवर ठेवा. उंट सरकलेला दिसला तर बोला. ते हसून परत ठेवतात, असा माझा दुसऱ्या भेटीचा अनुभव आहे. बँकेच्या ग्राहकाला मात्र पट दिसतच नव्हता.

आपल्यापैकी कितीतरी जण बँका, विमा, सॉफ्टवेअर यांत आहोत. असे काम पुढ्यात आले तेव्हा आपण काय केले? मी गप्प बसलो होतो. आपला अनुभव जरूर कळवा.