दफ्तराची पायरी चढण्यापूर्वी

जुना वाडा विकायला निघाला, की माळ्यावरची ट्रंक खाली येते. तीत मोडी लिपीतले पाच-सहा कागद निघतात आणि घराण्याचा इतिहास शोधायची हौस जागी होते. मग इंदूरचे किंवा बडोद्याचे एखादे काका चार दिवसांची रजा काढून थेट पुण्याला पेशवे दफ्तरात जातात. “आमच्या आडनावाचे कागद दाखवा,” एवढेच त्यांचे म्हणणे असते. रजा संपते आणि काका हात हलवत परततात.

यात दफ्तराचा दोष नाही. कपड्याच्या रुमालांत बांधलेले ते कागद राज्यकारभाराच्या आणि हिशेबाच्या सोयीने लावलेले. आपल्या आडनावाची त्या कारकुनांना काय पत्रास! त्या काळी माणूस ओळखला जाई तो स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि वतन यांवरून. तेव्हा आधी गाव पक्के हवे आणि ते त्या वेळी कोणत्या परगण्यात होते, हेही. सुपे म्हटले तर एक बारामती तालुक्यात, दुसरे पारनेरमध्ये. शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे पहिले.

खरी फसगत होते ती सालात. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हा सन मृग नक्षत्राला सुरू होतो. त्यात ५९९ मिळवले की इ. स. १७६० येते, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे. पानिपतचे युद्ध जानेवारी १७६१ चे, म्हणजे याच सनातले. पण कुणी ११६१ हा हिजरी सन समजला, तर पानिपतची बातमी देणारे पत्र १७४८ मध्ये जाऊन पडेल. तेव्हा तर शाहू महाराज हयात होते!

रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापून काढले. एवढे काम इतक्या थोड्या वर्षांत उरकले, कारण त्याआधी सुमारे तीन दशके ते छापील साधने वाचून ‘रियासत’ लिहीत होते. कोणत्या रुमालात काय शोधायचे, याची जाण त्यांना आधीच होती. घरच्या हौशी संशोधकानेही हे खंड आणि राजवाड्यांची ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ आधी चाळावीत. हवा तो कागद कदाचित तिथेच छापलेला सापडेल.

आणि त्याच्याही आधी आजीजवळ बसावे. आताच्या आडनावापूर्वी घराण्याला काय म्हणत, कुलदेवीची ओटी भरायला कोणत्या गावी जात, त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकला कोणत्या उपाध्यायांच्या वहीत नावे आहेत, हे सारे वहीत टिपून घ्यावे. रुमाल आणखी वर्षभर थांबतील. आजी नव्वदीची आहे.