संमतीवाचून जबाबदारी कसली?

‘जबाबदार खाणकाम’ हा शब्द अलीकडे खाण-उद्योगाच्या आणि सरकारच्या तोंडी रुळला आहे. युरेनियमच्या खाणीला तो कितपत लागू पडतो, हे साध्या जमाखर्चाने तपासून पाहावे.

झारखंडमधील जादुगुडा येथे १९६०च्या दशकापासून सरकारी युरेनियम खाण आहे. तेथील एक टन खनिजात युरेनियम एक किलोहूनही कमी असते. उरलेला गाळ तलावांत साठवावा लागतो, आणि मूळ खनिजातील सुमारे ८५ टक्के किरणोत्सार त्या गाळातच राहतो. त्यातील थोरियम निम्मे होण्यासच सुमारे ७५ हजार वर्षे लागतात. डिसेंबर २००६ मध्ये हा गाळ वाहून नेणारी नळी फुटून तो ओढ्यात शिरला. विजेचा लाभ देशाला काही दशके मिळतो. या गाळाची राखण मात्र संथाळ, हो व मुंडा यांच्या शेकडो पिढ्यांच्या माथी येते. हा खर्च कोणत्याही ताळेबंदात मांडला जात नाही.

हा प्रश्न वऱ्हाडाला परका नाही. मेळघाटातील कोरकू आणि जादुगुड्याचे संथाळ एकाच मुंडा भाषाकुलातील आहेत. मेळघाटात युरेनियमची खाण नसली, तरी राष्ट्रहिताच्या नावाने गाव सोडण्याचा अनुभव तेथेही आहे. व्याघ्र प्रकल्पातून अकोट तालुक्यात हलविलेल्या गावांचे पुनर्वसन कागदोपत्री ‘स्वेच्छेचे’ होते. तरीही शेतजमीन व सोयी मिळाल्या नाहीत म्हणून लोक जंगलात परतले, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा वनखात्याशी व पोलिसांशी संघर्ष झाला. ज्याला नकार देण्याचा अधिकार नाही, त्याच्या होकाराचे मोल हे असे असते.

देशाला वीज हवी आणि कोळशाचेही बळी आहेतच, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यामुळे त्यागाचा वाटा ठरविताना एकाच समाजाकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. अधिकार मिळाला की आदिवासी जबाबदारीही पेलतात. अमरावती जिल्ह्यातील पायविहीरने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड रान पुन्हा उभे केले. ओडिशातील नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३ मध्ये बॉक्साइटची खाण विचारपूर्वक नाकारली.

अशा वेळी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये अणुखनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. ज्या खाणीचा धोका सर्वांत दीर्घकाळ टिकणारा, तिच्याच बाबतीत लोकांना विचारण्याची गरज नाही, असा याचा अर्थ होतो. लोकशाहीत हे खपवून घेता कामा नये.

ही सूट रद्द करावी. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचा नकार अंतिम मानावा. आणि पाण्याची व आरोग्याची तपासणी स्वतंत्र संस्थेकडून करवून तिचे निष्कर्ष लोकांच्या भाषेत जाहीर करावेत, या आपल्या मागण्या असल्या पाहिजेत. धारणी-चिखलदऱ्याच्या ग्रामसभांनी जादुगुड्याच्या बाजूने ठराव करावेत, यासाठी आपल्या कार्यकर्त्यांनी आतापासूनच गावोगाव फिरावे.