दाब कुणाच्या बापाचा?

आमच्या वस्तीत पाणी शुद्ध करणारी व्हॅन आली. कुण्या दानशूराची. अंगावर त्याचा हसरा फोटो, पोटात पंप, वाळूची टाकी, मेंब्रेन. फीत कापली, टाळ्या झाल्या, आन् दहा मिनिटांत व्हॅन मेली. नळाला दाबच न्हाई! पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागला, प्रेशरचा स्विच पडला, खेळ खलास. मेकॅनिक बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "हिला पाणी जोरात मिळालं पायजे."

अरे, जोरात पाणी मिळालं असतं तर तुझी व्हॅन कशाला लागली असती?

मी गोदीकामगार. जहाजात गोडं पाणी भरताना होजवर हात ठेवला की दाब कळतो. आमच्या नळाला हात लावला तर तो उलटा चोखतो. ही कविता नाही. पाइप दाबात भरलेला असेल तर भोकातून पाणी बाहेर येतं. रिकामा असेल तर त्याच भोकातून गटार आत जातं. पलीकडच्या बंगल्यांनी लायनीला थेट मोटारी लावल्या की आमच्या टोकाला हेच घडतं. दाब हाच पहिला फिल्टर. तो त्यांनी पळवायचा, आणि आमच्या वाट्याचं गटार गाळायला व्हॅन धाडायची! त्यातही निम्म्याच्या आसपास पाणी पुन्हा गटारातच.

दाब नाही म्हणणाऱ्याला हिशेब विचारा. दहा मीटर उंच पाणी म्हणजे एक किलो दाब. पैठणचा नाथसागर शहराच्या सुमारे शंभर मीटर खाली. म्हणजे दहा किलोच्या जोरावर गोदावरी इथवर चढते. मचूळ पाणी मेंब्रेनमधून काढायलाही साधारण तेवढाच जोर लागतो. शंभर मीटर चढून आलेलं पाणी शहराच्या टाकीतून आमच्या नळापर्यंत उतरताना मरतं कसं?

मलिक अंबर हबशी. गुलाम म्हणून विकलेला पोरगा. त्यानं 1610 साली हे गाव वसवलं, खडकी नावानं, आणि नहर बांधली. वीज नाही, डिझेल नाही, नुसता उतार. पाणचक्की त्याच्या नंतरची. तिथंही डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेलं पाणी भिंतीत वर चढायचं, खाली कोसळायचं, जातं फिरवायचं. त्याच भागात, नागसेनवनात, बाबासाहेबांचं मिलिंद कॉलेज. तिथं शिकलेल्या आमच्या पोरांना हे गणित समजावायला दानशूर नको.

उताराला जात कळत नाही. व्हॉल्व्हला कळते, कारण त्यावर माणसाचा हात असतो. 1927 ला महाडला तळं उघड्यावर होतं, विटाळ मानणारा समोर उभा होता. आज तळं पाइपात कोंडलंय आन् थोबाड कुणाचंच दिसत नाही.

2020 साली 1680 कोटींच्या पाणी योजनेचं भूमिपूजन झालं. आकडा पुढं 2740 कोटींवर गेला. त्यात वस्तीच्या शेवटच्या नळावर एक गेज बसत नाही?

व्हॅनमागं बादल्या घेऊन धावू नका. ती उभी करायचीच तर आधी टाकी द्या, टाकीला पंप द्या, दाब तुमचा तुम्ही सांभाळा. आम्हाला शेवटच्या नळावर गेज पाहिजे, दुसरं बंगल्याच्या नळावर. दोन्ही आकडे रोज चौकातल्या फळ्यावर, खडूनं. बसवायला पाना आमच्याकडं हाय.