अंडी उबेपर्यंत नांगर थांबवा



फाल्गुन सरू लागला की माजलगाव धरणाचे पाणी मागे हटते. दिवाळीत आलेले चक्रवाक, थापट्या, धोबी उत्तरेला परतू लागतात आणि त्यांचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येतात. जी पाखरे इथेच राहून याच दिवसांत घरटी करतात, त्यांच्याविषयी मात्र कोणी लिहीत नाही. टिटवी, शेकाट्या, नदी सुरय ही सगळी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. पाणी हटलेल्या गाळाच्या जमिनीत पेरणी करतात, त्या गाळपेऱ्याचे ट्रॅक्टर फिरतात ते नेमके याच पट्ट्यात.

गेल्या चैत्रात मला काठापासून पन्नासेक पावलांवर टिटवीची चार अंडी दिसली. मातकट रंग, त्यावर काळे डाग, निमुळती टोके आत वळवलेली, भोवती बारीक खडे. दुसऱ्या दिवशी गेलो तर तिथे ताजी सरी होती आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. ट्रॅक्टरवरचा मुलगा खाली उतरून म्हणाला, “काका, दिसलीच नाहीत हो.” तो खोटे बोलत नव्हता. ती अंडी दिसू नयेत म्हणूनच तशी असतात. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, असे सांगणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरातलाच तो पोरगा.

या काठाला पाणथळ नियमांचाही आधार नाही. सिंचनासाठी बांधलेले जलाशय केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमांतून वगळलेले आहेत. म्हणजे आमचे माजलगाव, बिंदुसरा, मांजरा कागदावर पाणथळच नाहीत. पण नाथसागर तरी कशासाठी बांधला? सिंचनासाठीच ना? तरी 1986 मध्ये तो पक्षी अभयारण्य झाला. नांदूर मधमेश्वरचा बंधाराही कालव्यांसाठीच आहे, आणि 2020 मध्ये तो राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. मग बीडचे पाणी तेवढे निव्वळ टीएमसीतच का मोजायचे?

गाळपेरा बंद करा, असे मी म्हणत नाही. धरणात जमिनी गेलेल्यांचा तो हक्क आहे. 2017 पासून लहान तलावांतला गाळ उपसून शेतात टाकला जातो, त्यानेही हलक्या रानांचे भले झाले आहे. ज्या जिल्ह्यातली माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असतात, तिथे एक एकर गाळाची किंमत मला कोणी समजावून सांगायला नको.

मागणी एवढीच आहे. जलसंपदा विभागाने गाळपेऱ्याचे पट्टे देताना घरट्यांची जागा आधी पाहून घ्यावी आणि तेवढा तुकडा वैशाखअखेरपर्यंत नांगराविना ठेवावा. गाळ उपसायला पोकलेन लावायचा तर घरटी नसलेल्या बाजूने सुरुवात करावी. टिटवीची अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. पाहणीला वनरक्षक नसेल तर आम्ही काठावरची माणसे येतो, काठ्या रोवून खुणा करून देतो. पट्ट्यांची यादी लागण्याआधी फक्त निरोप द्या.

– एक वाचक, माजलगाव, जि. बीड